दुधाळीचा वाफा

मला निंदण येते. दहावीपर्यंत शाळाही येत होती, पण ती आता कोणी विचारत नाही. बाराव्या वर्षापासून धानाच्या बांधीत वाकून गवत उपटत आले, आणि आता सत्तेचाळिसावे चालू आहे. कोवळे धान आणि धानासारखे दिसणारे गवत इतके सारखे असते की शिकलेला माणूस दहा मिनिटे नुसता बघत राहील. माझी बोटे बघत बसत नाहीत. आमच्या टोळीत पंधरा बाया होत्या, आणि माझ्या ओळीत मागून तपासायला शेतमालक कधी उतरला नाही. एवढाच माझा मोठेपणा आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. याच मोठेपणाने पुढे माझी दोन वर्षे मातीत घातली.

आमचे गाव मोहर्लीच्या रस्त्यावर आहे. वाघ पाहायला निघालेल्या गाड्या आमच्या दारावरून जातात. माझे यजमान, मुलगी दिव्याचे बाबा, इसरू त्यांचे नाव, जंगलात गाईड होते. मातीतला पंजा बघून वाघ केव्हा गेला आणि पोट भरून गेला की उपाशी, हे सांगायचे. त्यातले किती खरे असायचे ते त्यांनाच ठाऊक, पण पाहुणे खूश व्हायचे. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला आणि उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. तेव्हापासून ते खाटेवर आहेत. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखम होते. ती एकदा झाली होती. तिचा वास मी कोणाला सांगत बसत नाही.

मुलगी दिव्या चंद्रपूरला नर्सिंग शिकते. बाबा पडले तेव्हा तिचा प्रवेश नुकताच झाला होता. ती दर आठवड्याला फोनवर एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारायची.

"आई, मी येऊ का घरी? कायमची नाई, एका वर्षासाठी."

"एका वर्षाची सुट्टी कायमची होते," मी म्हणायचे. "मले नको शिकवू."

पण खरे सांगायचे तर तिला थांबवून धरायला माझ्याकडे एकच खुंटी होती, आणि ती म्हणजे रिसॉर्टचे काम. गावाच्या टोकाला, घरापासून दहा मिनिटांवर, नागपूरच्या एका बाईंचे रिसॉर्ट आहे. तिथे काम असले म्हणजे मी अकराला, दोनला आणि चारला घरी धावत जाऊन यायची. कूस बदलायची, भरवायची, पुसायची, परत यायची. ते काम सुटले असते तर टोळीबरोबर मूल तालुक्यात धानाच्या रोवण्याला आणि निंदणाला जावे लागले असते. टेंपो पहाटे पाचला निघतो आणि अंधार पडल्यावर परततो. मग दिवसभर त्यांची कूस बदलायला दिव्यालाच यावे लागले असते. आमच्या घरात तिसरा माणूस नाही.

रिसॉर्टच्या फाटकाजवळ एक मोठा फलक आहे. त्याच्यावर गुलाबी फुलांचा फोटो आहे. मागच्या टेकडीच्या उतारावर मालकीणबाईंनी स्वतः काढलेला. हे फूल पावसाळ्यात येते, वीतभर-दोन वीत उंच होते, पाने बडीशेपेसारखी बारीक, फुले घंटेसारखी. दिवाळी झाली की वाळून जाते. आम्ही जन्मभर त्याच्यावरून चालत गेलो आणि कधी नाव विचारले नाही. भाजीला येत नाही, गुरे खात नाहीत, देवाला कोणी वाहत नाही. मालकीणबाईंकडून कळले की त्याला दुधाळी म्हणतात. त्यांना तेच फूल फलकाखालच्या वाफ्यात पाहिजे होते. एक ऑक्टोबरला जंगल उघडते, त्या दिवशी पहिले पाहुणे उतरतात, तेव्हा फलकावर आणि फलकाखाली एकच फूल दिसले पाहिजे. श्रीमंताला हौस सुचते ती अशी. पण त्या हौसेवर माझे घर चालणार होते, म्हणून मी तिला नावे ठेवत नाही.

मॅनेजर निकेश साहेबांनी मला बोलावले तेव्हा सरळच विचारले, "बाई, तुमचा हात चांगला आहे म्हणतात. जमन का?"

"हो जी," मी म्हणाले. काय जमवायचे आहे ते मला माहीत नव्हते.

पहिल्या वर्षी आधी त्यांनीच सोपा रस्ता काढला. उतारावरून रोपे खणून आणा आणि लावा. मी चाळीस रोपे आणली. मातीचा गोळा ठेवला, ओल्या पोत्यात गुंडाळली, सावली केली. संध्याकाळपर्यंत चाळीसही माना टाकून बसली. मग डिसेंबरात मी उतारावर जाऊन वाळलेली बोंडे गोळा केली. बी म्हणजे नुसती भुकटी. एक शिंक आली तर वर्षाची मेहनत गेली, इतके बारीक. कापडात बांधून उतरंडीत ठेवले.

जूनमध्ये वाफा केला. दगड वेचले, शेणखत चाळून घातले, हाताने ढेकळे फोडली. बी राखेत मिसळून शिंपडले. पाऊस लागला, आठ-दहा दिवसांत हिरवे टिपके दिसायला लागले, आणि त्यांच्याबरोबर गवतही. मी रोज गुडघ्यावर बसून एक-एक गवताची काडी काढायची. मुळासकट. आमच्या टोळीत म्हणायचे की अन्नपूर्णाबाईने, म्हणजे मी, निंदलेल्या बांधीत पाखराला काडी मिळत नाही. तसाच वाफा ठेवला. दुधाळी बोटभर झाली आणि थांबली. पिवळी पडली. जुलै संपता संपता एक-एक करून बसली. मला वाटले पाणी जास्त झाले. मग वाटले खताची उष्णता लागली. वाटले, अजून कुठेतरी गवताचे मूळ राहिले असेल, तेच खात असेल.

त्या वर्षी फलकाखाली चंद्रपूरहून आणलेल्या झेंडूच्या कुंड्या ठेवल्या. मालकीणबाई त्या पाहून निघून गेल्या. निकेश साहेब त्या गेल्यावर बोलले.

"आणखी एक साल पाहू बाई. नाई जमलं तर मग इथी हिरवळीची चटई टाकू. मॅडमले मी समजावतो. तुमालेही काई दुसरं पाहा लागन."

त्यांनी शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. वाईट माणूस असता तर मला राग तरी धरता आला असता.

दुसऱ्या वर्षी मी आणखी मेहनत केली. आता लिहिताना स्वतःच्याच कानाखाली द्यावीशी वाटते. माती टेकडीवरून पाट्यांनी वाहून आणली. ती चाळली आणि उकळते पाणी ओतून घेतले, म्हणजे तिच्यातले गवताचे बी मरेल. खत घातले नाही. निंदण सकाळ-संध्याकाळ. कमरेत कळ आली तरी घरी जाऊन त्यांना वळवायचे, परत येऊन बसायचे. त्या जूनमध्ये मी किती वाजता जेवत होते हे मला आठवत नाही. दुधाळी पुन्हा उगवली, पुन्हा बोटभर झाली, पुन्हा पिवळी पडायला लागली.

आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दिव्याच्या बाबांच्या छातीत कफ भरला. ताप उतरेना. शेजारच्या गाडीतून चंद्रपूरला नेले. दवाखान्यात सतरा दिवस काढले. दिव्या कॉलेज करून रात्री यायची, मी दिवसा बसायची. दोघींचे बोलणे व्हायचे ते जिन्यात. तिच्या डोळ्याखाली काळे झालेले होते. सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "मी नाव काढून घेतो आई. कॉलेजच्या मॅडमले विचारलं मी."

"फुलं येऊन जाऊ दे," मी म्हणाले. "एक ऑक्टोबरपर्यंत थांब. नाई आली तर तू म्हनशील तसं."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू आईचे डोके फिरले आहे. फुलांचा आणि तिच्या कॉलेजचा काय संबंध, हे तिला मी कधी नीट सांगितलेच नव्हते.

घरी आणल्यावरही ऑगस्टभर मला त्यांच्यापासून हलता आले नाही. त्यांच्या नाकात नळी होती, वाफ द्यायची होती. रिसॉर्ट पावसाळ्यात बंद, निकेश साहेब नागपूरला. चौकीदार ओळखीचा. मी दिवसातून एकदा जायची, फाटकाशी उभी राहायची, हजेरी लावल्यासारखी, आणि परत यायची. वाफ्याकडे मान वळवून पाहायचीसुद्धा नाही. गवत वाढत असणार हे माहीत होते. निंदणारी बाई आणि तिच्या वाफ्यात गवत. मला लाज वाटत होती आणि लाज वाटायचाही कंटाळा आला होता.

पोळा झाला. त्यानंतर एका सकाळी ते जरा शांत झोपले, म्हणून मी खुरपे घेऊन गेले. मनाशी ठरवले होते की सगळे साफ करून टाकायचे, मेलेली रोपे काढायची आणि साहेबांना फोन करून सांगायचे की जमले नाही. गवत गुडघ्यापर्यंत आले होते. मी बसले, पहिला मुठीएवढा झुपका धरला, ओढला, आणि हातात गवताबरोबर गुलाबी फूल आले.

मी झुपका तसाच धरून राहिले. मग गवत दोन्ही हातांनी बाजूला केले. आत दुधाळी उभी होती. वीत-दीड वीत उंच, गडद हिरवी, कळ्यांनी भरलेली. एक-दोन नाही. जिथे गवत दाट तिथे ती जास्त होती. फरशीच्या कडेला जिथे गवत आले नव्हते तिथे अजून ती बोटभर पिवळी रोपे तशीच रडत बसली होती.

नळावर जाऊन मी तो झुपका धुतला. दुधाळीचे मूळ गवताच्या मुळाला चिकटलेले होते. गोचीड गाईला चिकटते तशा बारीक गाठी. ओढून सुटत नव्हत्या. मी नखाने एक काढली तर दोन्ही मुळे तुटली. जे दोन वर्षे मी उपटत होते, त्याच्यावर ती जगत होती. उतारावरून आणलेली चाळीस रोपे का बसली तेही तिथेच कळले. मी त्यांना एकटे आणले होते.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. राग आला. दोन वर्षांची कंबर, दोन वर्षांचे गुडघे, उकळलेली माती. या रोपाला माझ्या कष्टाचे काहीच नको होते. फक्त मी तिथे नको होते. मग नीट पाहिले तर ज्या गवताला दुधाळी लागली होती ते गवत पिवळट पडलेले, बारीक झालेले होते. बाजूचे गवत टवटवीत. त्या पिवळट गवताकडे मी जरा जास्त वेळ पाहत बसले. दवाखान्यातल्या काट्यावर माझे वजन सात किलोने उतरलेले निघाले होते.

एवढे झाल्यावर मी वाफ्याला हात लावला नाही. घरी येऊन त्यांना वळवताना सगळे सांगितले. ते ऐकत होते. जंगलात उभे आयुष्य गेलेला माणूस, त्यांनाही हे माहीत नव्हते. डावा डोळा जरा हसल्यासारखा झाला. कोणाला सांगायचे म्हटले तर मला तेवढेच होते, आणि ते पुढे कोणाला सांगू शकत नव्हते.

अंजनाबाईला सांगायला पाहिजे होते. ते राहिले. ती आमच्या टोळीची म्होरकी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. माझ्या लग्नात तिने हळद दळली होती. मूलचे निंदण आटोपून टोळी मोकळी झाली, तेव्हा तिला कोणीतरी सांगितले की अन्नपूर्णाच्या वाफ्यात गवत माजले आहे. तिला ते सहन होईना. एका रविवारी दुपारी, घरी भिंतीला टेकून माझा डोळा लागला होता, तेव्हा ती चार बाया घेऊन रिसॉर्टवर गेली. चौकीदाराने ओळखीच्या म्हणून सोडले. चारला मी पोचले तेव्हा अर्धा वाफा धुतल्यासारखा लख्ख होता.

"पाह्य," अंजनाबाई म्हणाली, "एक काडी ठेवली नाई. आन् तुह्या फुलाले धक्का लावला नाई. मले सांगतलं असतं तर पयलेच आलो असतो ना व आमी. एकटी काऊन मरून राह्यली?"

दुधाळी मोकळ्या काळ्या मातीत ताठ उभी होती. एकही देठ मोडला नव्हता. असे काम पाचच बाया करू शकतात आणि त्या पाचही माझ्यासमोर घाम पुसत उभ्या होत्या. महिनाभर लोकांच्या बांधीत वाकून आल्यावर सुट्टीच्या एका दिवशी त्या माझ्यासाठी पुन्हा वाकल्या होत्या.

"बस झालं बाई," मी म्हणाले. "बाकीचं मी करतो. तुमी थकल्या."

त्यांना घरी नेऊन चहा पाजला. त्या दिवशी फुले तशीच होती. दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशी सकाळी कळ्या खाली लोंबल्या आणि संध्याकाळी सगळी अर्धी बाजू आडवी झाली. अंजनाबाई पाहायला आली, तर तोंडावर पदर घेऊन उभी राहिली.

"माह्या हाताचं झालं का?"

"नाई व. ऊन कडक पडलं," मी म्हणाले.

त्या मोकळ्या अर्ध्यात मी ओढ्याकाठचा तेरडा आणून लावला. तेरड्याला काय, कुठेही खुपसा, फुलतो. उरलेल्या अर्ध्याला मी राखत बसले. राखत बसणे म्हणजे काहीच न करणे. ते मला निंदण्यापेक्षा जड गेले. हात आपोआप गवताकडे जायचा, मी तो मागे घ्यायची. सप्टेंबर सरता सरता तो अर्धा वाफा असा फुलला की चौकीदार मोबाइल घेऊन रोज फोटो काढायचा.

निकेश साहेब एकोणतीसला आले. गाडीतून उतरून सरळ वाफ्याकडेच आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"वा बाई," ते म्हणाले. "जमवलं तुमी. मॅडम पागल होऊन जाईन." मग त्यांची नजर खाली गेली. "पन हे गवत? हे काऊन असं ठेवलं? परवा गेस्ट येऊन राहिले. त्याइले वाटन, आमी साफसफाईच नाई करत."

हीच वेळ होती. मी पदराला हात पुसले आणि सांगितले. "गवत राहू द्या साहेब. याले गवतच लागते. याचं मूळ गवताच्या मुळाले चिकटून राहते. गवत काढलं तर तिसऱ्या दिवशी पडते. तो अर्धा भाग असाच गेला. हात नाई लावला तरच हे फुलते."

त्यांनी नीट ऐकले. खाली वाकून पाहिलेसुद्धा. मग हसले. हसण्यात वाईट काही नव्हते, सकाळची वेळ, माणूस खुशीत होता.

"म्हणजे हात नाई लावला तरच येते? मग बाई, तुमी काय करता इथी?"

चौकीदारही हसला. मीही हसले. माझे हसणे चालू असताना माझ्या डोक्यात ते वाक्य पुढे चालत गेले. आज गंमत आहे. उद्या ते मालकीणबाईंना सांगतील, गंमत म्हणूनच. परवा कोणीतरी विचारेल की मग तिथे मजूर कशाला. एक माणूस जूनमध्ये बी शिंपडून जाईल आणि ऑक्टोबरात फोटो काढायला येईल. खरेच तर होते. त्या फुलाला मी नको होते. मी त्या फुलासाठी जे शिकले ते एवढेच होते, आणि ते सांगितले की माझे काम संपत होते.

"गंमत केली साहेब," मी म्हणाले. "कमरीत दुखत होतं म्हनून राह्यलं गवत. काढून टाकतो आज."

"तुमी पन बाई," ते म्हणाले, आणि कार्यालयाकडे गेले.

मी मुद्दाम दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले. तीस तारखेला दुपारी, दिव्याच्या बाबांना दोनला वळवून आल्यावर, खुरपे घेऊन बसले. तिसरा दिवस जितका पुढे जाईल तितका बरा, हा हिशेब करायला मला वेळ लागला नाही. एक-एक झुपका बोटाने विलग केला. फुलाचे देठ एका हातात, गवत दुसऱ्या हातात, आणि हळू ओढायचे. ओढताना खाली मुळे तुटल्याचे हाताला कळायचे. अगदी बारीक, दोरा तुटावा तसे. मी थांबले नाही. सहा वाजेपर्यंत वाफा साफ झाला. जन्मात इतके सुंदर निंदण मी केले नव्हते. एक फूल पडले नाही. साहेब येऊन म्हणाले, "आता कसं दिसते." मी म्हणाले, "हो जी."

एक तारखेला मालकीणबाई आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, इंग्रजीत काही म्हणाल्या, मला वाफ्याजवळ उभे करून फोटो काढला. पाहुण्यांनी खाली बसून, आडवे होऊन फोटो काढले. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले की हे घरी कुंडीत येईल का, तर निकेश साहेब म्हणाले, "मेहनत लागते मॅडम. रोज निंदावं लागते. आमच्या बाईंना विचारा." मी मान हलवली.

दोन तारखेलाही फुले कशीबशी उभी होती. तीन तारखेला दुपारी पडली. बी धरायला अजून महिना पाहिजे होता, ते धरले नाही. मी ती उपटून कुंपणाच्या पलीकडे टाकली. मुळांच्या गाठी वाळून काळ्या झाल्या होत्या. साहेबांनी विचारले तेव्हा मी म्हणाले, "इतकंच आयुष्य आहे जी त्याचं." त्यांना ते पटले. बागेतल्या माणसाने सांगितले की कोणालाही पटते. साहेब म्हणाले, मॅडमनी सांगितले आहे, पुढच्या वर्षीही तुम्हीच, आणि आता बारा महिने ठेवू, बाकी झाडेही पाहा.

म्हणजे डिसेंबरात पुन्हा उतारावर जाऊन बोंडे गोळा करायची. जूनमध्ये पेरायची. पावसाळाभर गवत वाढू द्यायचे, कोणी आले की खुरपे हातात धरून बसायचे, आणि तीस सप्टेंबरला दुपारी सगळे उपटायचे. दरवर्षी. मला फुलाची दया येते का, असे कोणी विचारले तर येते. खूप येते. पण तिथे माझी मुलगी उभी केली तर माझा हात थांबत नाही.

दिव्याचा फोन पाच तारखेला आला. मी अकराच्या फेरीला घरी होते.

"आई, रिसॉर्टचा फोटो पाह्यला. तू उभी आहेस त्याच्यात. आमच्या होस्टेलवर सगळ्या पोरीइनं पाह्यला. कसं जमवलं व तू एकटीनं?"

खाटेवरून ते माझ्याकडे पाहत होते. त्यांना सगळे ठाऊक होते. फुले पडल्याचे ऐकून ते परवा लहान मुलासारखे रडले होते, लकव्याच्या माणसाला रडू लवकर येते.

"रोज निंदलं," मी म्हणाले. "काम पक्कं झालं. बारा महिन्याचं. तू आता नाव काढाची गोष्ट करू नको."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "परीक्षा आहे सोमवारी," म्हणाली.

"मंग अभ्यास कर. ठेव फोन."

फोन ठेवून मी त्यांना वळवायला घेतले. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि माझा गुडघा खाटेला टेकवून. डाव्या कुशीवर आणले, पाठीमागे उशी लावली, पाठ पुसली. जखम नव्हती. त्यांचे ओठ हलत होते. दवाखान्यातून आल्यापासून ते जवळजवळ बोलतच नव्हते. मी कान जवळ नेला, दोनदा विचारले, तेव्हा तिसऱ्यांदा शब्द कळले.

"तू... जेवली का?"

मी जेवले नव्हते. तीन वर्षांत मला हे कोणी विचारले नव्हते, आणि आता विचारले ते त्यांनी. जेवतो, असे मी म्हणाले. मग त्यांच्या पायाशी खाटेच्या काठावर बसले आणि रडले, आणि दोनपर्यंत रिसॉर्टवर परत गेले नाही.